पूर्ववृत्ताची फेरनोंद

या लेखाचा विषय पाहून आमच्या काही ज्येष्ठ वाचकांना वाटेल की, जुन्या दफ्तरांत रमणाऱ्या या माणसाला सेवानिवृत्तीनंतर पोरखेळ सुचला आहे. आक्षेप अगदीच निराधार नाही. विषय संगणकावरील एका खेळाचाच आहे. तथापि त्या खेळातील नायिकेच्या चरित्राचे गेल्या सुमारे तीस वर्षांत जे फेरलेखन झाले, ते मला बखरवाङ्मयाच्या अभ्यासाइतकेच उद्बोधक वाटले. शिवाय त्याने माझ्या स्वतःच्या हातून घडलेल्या एका चुकीची आठवण करून दिली. म्हणून हा प्रपंच.

१९९८ च्या दिवाळीत आमच्या इंदूरच्या घरी संगणक आला. चिरंजीव तेव्हा दहा वर्षांचे होते. लंडनला स्थायिक झालेल्या माझ्या मावसभावाने त्याच्यासाठी ‘टूम्ब रेडर’ नावाचा खेळ खोक्यासकट आणला. मुलाने तबकडी घेतली आणि सोबतची छोटी पुस्तिका माझ्याकडे आली. छापील कागद दिसला की वाचायचा, ही आमच्या पिढीची खोड. त्या पुस्तिकेच्या सुरुवातीला लारा क्रॉफ्ट या नायिकेचे पूर्ववृत्त दिले होते. ते वाचून मी पुढे कित्येक रात्री मुलाच्या शेजारी खुर्ची ओढून बसू लागलो. मुलगा झोपल्यावर एकट्यानेही खेळू लागलो, हे आता कबूल करण्यास हरकत नाही.

ते मूळ पूर्ववृत्त थोडक्यात असे : लारा ही लॉर्ड हेन्शिंग्ली क्रॉफ्ट या इंग्रज उमरावाची कन्या. खानदानी शिक्षण घेऊन उमरावाघरची सून व्हावे, असेच तिचे संगोपन झालेले. एकविसाव्या वर्षी सहलीहून परतताना तिचे विमान हिमालयात कोसळते. सहप्रवाशांपैकी कोणीही वाचत नाही. ती एकटी, केवळ स्वतःच्या बुद्धीच्या बळावर, बर्फातून वाट काढीत दोन आठवड्यांनी टोकाकेरिबी नावाच्या गावी पोहोचते. घरी परतल्यावर उमराव समाजात तिचा जीव गुदमरू लागतो. एकटीने भ्रमंती करताना आपण खऱ्या अर्थाने जिवंत असतो, हे तिला उमगलेले असते. पुढील आठ वर्षे ती प्राचीन संस्कृतींचा अभ्यास करते. घरचे तिच्याशी संबंध तोडतात, तेव्हा प्रवासवर्णने लिहून ती आपला खर्च भागवते.

पुस्तिकेतला मजकूर पानभरही नव्हता. पण त्यात एक संपूर्ण स्त्री उभी होती. तिला कोणी घडविले नव्हते, कोणी पाठविले नव्हते. तिने निवड केली आणि निवडीची किंमत मोजली.

या चरित्राची जन्मकथाही चंचलच आहे. इंग्लंडमधील डर्बी येथील कोअर डिझाइन या लहानशा संस्थेत टोबी गार्ड या तरुण चित्रकाराच्या पुढाकाराने हा खेळ तयार झाला आणि १९९६ साली बाजारात आला. आरंभी नायक पुरुष असावा, असे घाटत होते. मग दक्षिण अमेरिकेतील लॉरा क्रूझ नावाची नायिका ठरली. शेवटी तिची इंग्रज लारा क्रॉफ्ट झाली. म्हणजे पहिले पूर्ववृत्त छापले जाण्यापूर्वीच दोन मसुदे रद्द झाले होते. ‘मूळ’ म्हणून आपण ज्याला कवटाळतो, ते पुष्कळदा कोणीतरी शेवटी मंजूर केलेले टिपण असते, ही गोष्ट सरकारी नोकरी केलेल्या माणसाला निराळी सांगावी लागत नाही.

पुढे भागांमागून भाग निघाले. १९९८ च्या तिसऱ्या भागाचा प्रारंभ भारतातील अरण्यात होतो. तेव्हा आम्ही पितापुत्र खुर्चीच्या कडेवर येऊन बसलो होतो. १९९९ च्या चौथ्या भागात नवी भर पडली : १९८४ साली, सोळा वर्षांची लारा व्हर्नर फॉन क्रॉय या संशोधकाबरोबर कंबोडियातील अंगकोर वाट येथे दाखविली. विमान कोसळण्याआधीच तिला या विद्येची गोडी लागली होती, असा त्याचा अर्थ. पुस्तिकेशी हे नीटसे जुळत नव्हते. परंतु बखरीतही एखादे प्रकरण मागाहून जोडलेले असते, असे म्हणून आम्ही ते पदरात घेतले.

खरे वळण आले ते चित्रपटाने. २००१ साली अँजेलिना जोली हिने लाराची भूमिका केली. त्यात वडिलांचे नाव लॉर्ड रिचर्ड क्रॉफ्ट असे झाले आणि मुलगी वडिलांच्या मागे राहिलेल्या रहस्याचा शोध घेणारी झाली. ती भूमिका जोलीचे सख्खे वडील जॉन व्हॉइट यांनीच केली होती. डर्बीच्या संस्थेचा २००३ चा भाग फसला आणि काम कॅलिफोर्नियातील क्रिस्टल डायनॅमिक्सकडे गेले. त्यांच्या २००६ च्या खेळात हिमालयातील अपघात तेवढा राहिला, बाकी सारे बदलले. आता लारा नऊ वर्षांची आहे. विमानात आई अमेलिया सोबत आहे. एका प्राचीन मठात आई गूढ रीतीने नाहीशी होते. वडील पुरातत्त्वज्ञ आहेत. लाराची पुढील सारी वणवण म्हणजे हरवलेल्या आईचा शोध. विशेष म्हणजे १९९७ साली डर्बी सोडून गेलेले टोबी गार्ड या नव्या रचनेत सहभागी होते. तेव्हा ‘परक्यांनी बिघडविले’ अशी ओरड करण्याचीही सोय उरली नाही.

२०१३ साली पाटी पुन्हा कोरी झाली. या वेळी हिमालय नाही. ‘एन्ड्युरन्स’ नावाचे जहाज जपानजवळील यामाताई बेटावर फुटते आणि एकवीस वर्षांची, अननुभवी लारा चिखलात, रक्तात, थंडीने कुडकुडत उभी राहते. लेखनाची धुरा रियाना प्रॅचेट या लेखिकेकडे होती. २०१५ च्या पुढील भागात ती वडिलांचे बदनाम झालेले संशोधन खरे ठरविण्यासाठी सायबेरियात जाते.

या फेरलेखनाविषयी माझे मन आजही एका बाजूला झुकत नाही. नव्या लारामुळे जे मिळाले, ते नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. जुनी लारा घाबरत नसे. कड्यावरून उडी मारताना तिच्या मनात काय चालले आहे, हे आपल्याला कधी कळत नसे. शिवाय तिचे रूप जाहिरातदारांनी ज्या पद्धतीने बाजारात मांडले, ते मुलाच्या शेजारी बसून पाहताना मला संकोच वाटे. २०१३ ची लारा भिते, चुकते, पहिल्यांदा माणूस मारल्यावर हादरते आणि तरीही पुढचे पाऊल टाकते. आमच्या सुनेला ही लारा अधिक जवळची वाटते, आणि तिचे म्हणणे मला खोडता येत नाही.

पण जे हरवले, तेही लहान नाही. पहिल्या वृत्तांतात लारा घराविरुद्ध जाऊन लारा झाली. पुढील प्रत्येक वृत्तांतात ती कोणाची तरी मुलगी म्हणून लारा झाली. आई हरवली म्हणून, वडिलांची विद्या होती म्हणून, वडिलांचे नाव कलंकित झाले म्हणून. एका स्त्रीला केवळ स्वतःला वाटले म्हणून घर सोडता येते, हे लेखकांना पुरेसे कारण वाटेनासे झाले. त्यांनी तिला दुःख दिले आणि तिचा निर्णय काढून घेतला. नव्या दुःखाने आपल्या डोळ्यांत पाणी येते, म्हणून काढून घेतलेले काय, ते चटकन लक्षात येत नाही.

यावर कोणी म्हणेल, कल्पित पात्राचे एवढे काय? फेरलेखन आपल्याकडेही नवे नाही. कर्णाचे उदाहरण सर्वांच्या परिचयाचे आहे. पुण्याच्या भांडारकर संस्थेने १९१९ साली हाती घेतलेली महाभारताची चिकित्सक आवृत्ती १९६६ साली पूर्ण झाली. स्वयंवरात द्रौपदी ‘सूतपुत्राला वरणार नाही’ म्हणते, हा लोकांच्या मनात घट्ट बसलेला प्रसंग तीत मुख्य संहितेत नाही. नंतर वर्षभराने, १९६७ साली, शिवाजी सावंतांचे ‘मृत्युंजय’ आले आणि एका सबंध पिढीने कर्ण त्यातूनच पाहिला. दोन्ही ग्रंथ माझ्या कपाटात शेजारी शेजारी आहेत. सावंतांनी कादंबरी लिहिली आणि ती कादंबरी म्हणूनच दिली. भांडारकरच्या पंडितांनी जे श्लोक संहितेबाहेर ठेवले, ते फेकून दिले नाहीत. पाठभेद म्हणून तळटीपांत व परिशिष्टांत छापले. वाचकाला पान खाली सरकवून पाहता येते की, येथे आणखी काही होते.

माझी चूक नेमकी येथेच झाली.

आमच्या घराण्याचा कुलवृत्तांत प्रथम १९५७ साली छापला गेला. आजोबांच्या धाकट्या बहिणीविषयी त्यात दोनच ओळी होत्या. बालपणी वैधव्य आले, १९२३ साली घरच्यांच्या संमतीवाचून पुण्यास हिंगण्याच्या कर्वे यांच्या संस्थेत गेली, पुढे ग्वाल्हेरकडे एका कन्याशाळेत शिक्षिका झाली, घराशी संबंध राहिला नाही, असा त्यांचा आशय. आम्ही त्यांना ताईआजी म्हणत असू. मी त्यांना एकदाच पाहिले, आठ वर्षांचा असताना. आजोबांच्या तेराव्याला त्या आल्या, ओसरीच्या कडेला तासभर बसल्या आणि पाणी पिऊन परत गेल्या.

२००८ साली दुसरी आवृत्ती निघाली. संपादन समितीत मी होतो. आमच्या एका थोरल्या चुलतभावांनी ताईआजींच्या नोंदीचा नवा मसुदा आणला : पुरोगामी विचारांच्या वडिलांनी विधवा कन्येस हिंगण्यास पाठवून स्वावलंबी केले. मी म्हटले, “दादा, हे असे झाले नव्हते.” ते म्हणाले, “अरे, नातवंडे वाचणार आहेत. यात वाईट काय आहे? तिचा गौरवच झाला की.” गौरव झाला होता, यात शंका नाही. पणजोबांचा झाला होता. मी मुद्रितावर सही केली.

महसूल खात्यात माझी ३४ वर्षे गेली. महाराष्ट्रात ज्याला फेरफार म्हणतात, त्याला आमच्याकडे नामांतरण म्हणतात. नोकरीच्या पहिल्याच वर्षी शिकविलेला नियम असा की, जुने नाव खरवडून काढायचे नाही. ते वाचता येईल अशी एकच रेघ ओढायची, नवे नाव लिहायचे, आदेशाचा क्रमांक व तारीख घालायची आणि खाली सही करायची. हाताखालच्या कर्मचाऱ्यांना मी हा नियम आयुष्यभर घोकून घातला. घरच्या नोंदीला तेवढा लावला नाही.

चिरंजीवांनी २०२४ साली लाराच्या पहिल्या तीन खेळांची नव्याने उजळलेली आवृत्ती मला भेट पाठविली. दूरध्वनीवर म्हणाला, “बाबा, खेळ सुरू करण्याआधी पहिली सूचना वाचा, तुमच्या कामाची आहे.” त्या सूचनेत म्हटले होते की, या जुन्या खेळांत काही लोकसमूहांचे व संस्कृतींचे चित्रण पूर्वग्रहदूषित व आक्षेपार्ह आहे, ते काढून न टाकता होते तसेच ठेवले आहे, म्हणजे त्याची जाणीव ठेवता येईल व त्यातून शिकता येईल. मी ती सूचना दोनदा वाचली. करमणुकीचा धंदा करणाऱ्या मंडळींना जे सुचले, ते आम्हां कुलवृत्तांतकारांना सुचले नव्हते.

लाराच्या बाबतीत माझी तक्रार त्यामुळे बरीच निवळली. जुनी लारा तिच्या जागी आहे, नवी तिच्या जागी. ज्याला जी हवी ती त्याने घ्यावी. दोघींचेही कागद शाबूत आहेत. कल्पित पात्राला एवढे पुरते. ताईआजी मात्र कल्पित नव्हत्या. त्यांचा कागद एकच होता, आणि १९५७ च्या आवृत्तीच्या आता घराण्यात हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच प्रती उरल्या असाव्यात.

तिसऱ्या आवृत्तीचे घाटत आहे. समितीकडे मी लेखी अर्ज केला आहे की, ताईआजींची मूळ नोंद पुनश्च छापावी, तिच्याखाली २००८ चा मजकूर द्यावा आणि तो कोणी व का बदलला, हे माझ्या नावानिशी नमूद करावे. उत्तर अद्याप आलेले नाही. दरम्यान, माझ्या संग्रहातील दुसऱ्या आवृत्तीच्या त्या पानावर मी एक रेघ ओढून समासात जुन्या दोन ओळी उतरून काढल्या आहेत. खाली तारीख आणि सही आहे.

आपापल्या घरी असे कुलवृत्तांत असतील. वाचकांनी जुनी प्रत रद्दीत देण्यापूर्वी ती एकदा नव्या प्रतीशी ताडून पाहावी, एवढीच विनंती.