सिरोंच्याचा धाविक पक्षी

ताम्रपट, शिलालेख, बखरी आणि दप्तरें हीं इतिहासाचीं साधनें होत, हें सर्वमान्य आहे. परंतु एखाद्या प्रदेशाचा इतिहास पुरता समजावयाचा तर तेथील पशुपक्ष्यांच्या नोंदीही वाचावयास हव्यात. कोणत्या काळीं लोकांनीं काय पाहिलें आणि कशाकडे दुर्लक्ष केलें, हें त्यांवरून चांगलें कळतें. गडचिरोली जिल्ह्याच्या दक्षिण टोंकास असलेल्या सिरोंच्याशीं निगडित अशी एका पक्ष्याची हकीकत या दृष्टीनें विचार करण्याजोगी आहे.

सिरोंचा हें प्राणहितेच्या तीरावर, तिच्या व गोदावरीच्या संगमानजीक वसलेलें गांव. इ. स. १८६० मध्यें हा मुलूख निजामाकडून इंग्रजांकडे आला आणि अप्पर गोदावरी जिल्ह्याचें ठाणें येथें झालें. १८७४ त तो जिल्हा मोडून सिरोंचा चांदा जिल्ह्यास जोडण्यांत आलें; १९८२ सालीं गडचिरोली जिल्हा निराळा झाला, तेव्हां तें त्यांत गेलें. गोदावरींतून नौका चालवून वर्‍हाडचा कापूस समुद्रकांठीं न्यावा, असा त्या काळीं सरकारचा मोठा मनसुबा होता. पात्रांतील खडकांपुढें हात टेकून १८७१ त तो सोडून द्यावा लागला. याच सुमारास भूस्तर तपासणारे अधिकारी दगडी कोळशाच्या शोधांत या खोर्‍यांत हिंडत होते. विल्यम ब्लॅनफर्ड हे त्यांपैकीं एक. त्यांचें काम खडकांचें; पण पक्ष्यांकडेही त्यांचें तितकेंच बारीक लक्ष असे.

कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीच्या संग्रहालयाचे एडवर्ड ब्लाइथ यांनीं १८४८ सालीं एका नव्या पक्ष्याचें शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केलें होतें. तो पक्षी मद्रासकडील डॉक्टर जर्डन यांनीं पूर्वघाटांतून मिळविला होता, म्हणून त्यास जर्डनचा धाविक म्हणतात. वीतभराहून थोडा मोठा, उंच पायांचा, मातकट रंगाचा, भुंवईवर पांढरी रेघ आणि गळ्याखालीं दोन पट्टे असलेला हा पक्षी उडण्यापेक्षां धांवणें पसंत करतो, आणि तेंही रात्रीं. ब्लॅनफर्ड यांनीं तोच सिरोंचा व भद्राचलम् यांच्या आसपास आढळल्याची नोंद केली. १९०० सालीं हॉवर्ड कँबेल यांनीं तो अनंतपूरनजीक पाहिला. त्यानंतर तो दिसेना. शोध घेणारे रिकाम्या हातांनीं परतले आणि तो नामशेष झाला, असें अनेक जाणकार मानूं लागले.

पुढें ८६ वर्षांनीं, जानेवारी १९८६ मध्यें, मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीचे भरत भूषण यांस तो आंध्रांत कडप्पा जिल्ह्यांत मिळाला. पक्ष्याचें चित्र दाखवून गांवोगांव चौकशी चालली होती. एका ग्रामीण शिकार्‍यानें तो ओळखला आणि रात्रीं बत्तीच्या उजेडांत धरून आणला. धरलेला पक्षी थोड्याच दिवसांत मेला, पण जात जिवंत असल्याचें सिद्ध झालें. तिकडील लोक त्यास ‘कलिवि कोडि’, म्हणजे करवंदीच्या जाळींतील कोंबडी, म्हणत. ग्रंथांतून जो नाहींसा झाला होता, त्यास गांवांत नांव होतें! रात्रीं फिरणारा पक्षी दिवसां शोधणार्‍यांस कसा दिसावा?

या पक्ष्यास घनदाट अरण्य नको आणि अगदीं उघडें माळरानही नको. विरळ कांटेरी झुडपें आणि मधून मधून उघडी माती, अशी जमीन त्यास मानवते. कडप्प्याकडे १९८८ त त्याच्यासाठीं अभयारण्य झालें, त्याच वर्षीं टपालखात्यानें त्याचें तिकीट काढलें. तरीही २००५ त कालव्याच्या खोदकामानें त्याच्या निवासभूमीचा कांहीं भाग गेला, आणि मग कालव्याचा मार्ग बदलावा लागला. आपल्या पूर्वविदर्भांत खुरट्या झाडोर्‍याच्या जमिनीस महसुली दप्तरांत ‘झुडपी जंगल’ असें नांव आहे. ना इमारती लाकूड, ना पीक, अशी ती निरुपयोगी जमीन, हा त्या नांवामागील भाव. अशी सुमारें ८६ हजार हेक्टर जमीन कायद्यानें वनच होय, असा निकाल सर्वोच्च न्यायालयानें २२ मे २०२५ रोजीं दिला. तिजवर गुरें चारणार्‍या आणि घरें बांधून राहिलेल्या गरिबांचा प्रश्न खरा आहे, व तो सहानुभूतीनेंच सुटला पाहिजे. परंतु जमीन निरुपयोगी ठरविण्यापूर्वीं तिच्यावर कोण राहतें, हें कोणीं पाहिलें होतें काय?

ताडोबा १९५५ सालीं राष्ट्रीय उद्यान झालें. सुटींत तेथें जाणारीं आपलीं कुटुंबें वाघ दिसला नाहीं तर हिरमुसलीं होऊन परततात. वाटेंतील झुडपांकडे कोणी पाहत नाहीं. सिरोंच्यास धाविक आजही आहे, असा माझा दावा नाहीं. पण कडप्प्याची हकीकत एवढें मात्र शिकविते कीं, ‘नाहीं’ हा शब्द लिहिण्यापूर्वीं योग्य वेळीं योग्य जागीं जावें, आणि तेथें रात्रीं गुरें शोधीत फिरणार्‍या माणसास आधीं विचारावें. दीडशें वर्षांपूर्वींची ती एक नोंद अद्यापि आपल्या शोधाची वाट पाहत आहे.