मातीतील कीडनाशक अवशेषांचे परीक्षण

मातीतील कीडनाशक अवशेषांचे परीक्षण म्हणजे शेतजमिनीत उरलेली कीटकनाशके, तणनाशके, बुरशीनाशके आणि त्यांच्या विघटनातून तयार झालेली संयुगे ओळखून त्यांचे प्रमाण ठरवणारी रासायनिक तपासणी होय. ती नेहमीच्या माती परीक्षणाहून वेगळी आहे. १९ फेब्रुवारी २०१५ रोजी सुरू झालेल्या मृदा आरोग्य पत्रिका योजनेत सामू, विद्युत वाहकता, सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबे, मँगनीज व बोरॉन असे १२ घटक तपासले जातात. त्यांत कीडनाशकांचा समावेश नाही. त्यामुळे पत्रिकेवरील समाधानकारक आकडे जमीन अवशेषमुक्त असल्याचा पुरावा ठरत नाहीत.

चिखली परिसरातील संदर्भ

बुलढाणा जिल्ह्यातील चिखली तालुक्यात सोयाबीन, कापूस, तूर व हरभरा ही पिके घेतली जातात. शेती मुख्यतः पावसावर अवलंबून आहे. येथील काळ्या मातीत चिकणमातीचे प्रमाण अधिक असल्याने अनेक रसायने तिच्या कणांना धरून राहतात. उन्हाळ्यात या जमिनीला खोल भेगा पडतात व पहिल्या पावसाचे पाणी त्यांतून थेट खालच्या थरात उतरते. त्यासोबत रसायनेही खाली जाऊ शकतात. म्हणून संशय असल्यास विहिरीचे पाणीही तपासणे इष्ट असते.

बहुतेक कीडनाशकांचे विघटन मातीतील सूक्ष्मजीव करतात व त्यासाठी ओलावा लागतो. पाऊस कमी झाल्यास विघटन मंदावते. सोयाबीनमध्ये वापरल्या जाणाऱ्या इमॅझेथापायर या तणनाशकाचे अवशेष अशा वर्षी मोहरी, बीट यांसारख्या संवेदनशील पिकांना पुढील हंगामात इजा करू शकतात.

जुनी व नवी रसायने

भारतात डीडीटीच्या शेतीतील वापरावर १९८९ मध्ये, तर बीएचसीवर १९९७ मध्ये बंदी आली. एंडोसल्फानवर सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये बंदी घातली. डीडीटी मातीत अनेक वर्षे टिकते व हळूहळू त्याचे डीडीई बनते. नमुन्यात डीडीटीच्या तुलनेत डीडीई बरेच अधिक आढळल्यास वापर जुना असल्याचे अनुमान काढता येते. एंडोसल्फानच्या बाबतीत एंडोसल्फान सल्फेटही तपासावे लागते. केवळ मूळ रसायन शोधल्यास प्रदूषण नजरेतून सुटण्याची शक्यता असते.

नमुना घेण्याची पद्धत

शेतात नागमोडी फिरून अनेक ठिकाणी इंग्रजी ‘व्ही’ आकाराचे खड्डे घेतात व ० ते १५ सेंमी थरातील माती गोळा करतात. ती एकत्र मिसळून तिचे चार भाग करतात, समोरासमोरचे दोन भाग काढून टाकतात आणि सुमारे अर्धा किलो माती उरेपर्यंत ही कृती पुन्हा करतात. बांध, झाडाची सावली व खताच्या ढिगाची जागा टाळतात. फवारणी पंप भरण्याची वा धुण्याची जागा मात्र स्वतंत्र नमुना म्हणून घेतात. तेथील माती सर्वसाधारण नमुन्यात मिसळल्यास संपूर्ण शेताचे चित्र विपरीत होते.

अन्नद्रव्यांच्या तपासणीसाठी माती सावलीत वाळवून कापडी वा प्लास्टिक पिशवीत पाठवतात. अवशेष तपासणीत ही पद्धत चालत नाही. वाळवताना काही रसायने उडून जातात, तर प्रकाशामुळे काहींचे विघटन होते. म्हणून नमुना न वाळवता स्वच्छ काचेच्या बरणीत, अंधारात व बर्फात ठेवून लवकर पोहोचवतात. सोबत मागील हंगामांतील पिके, वापरलेली औषधे व फवारणीच्या तारखा यांची नोंद देतात.

प्रयोगशाळेतील तपासणी

२००३ मध्ये प्रसिद्ध झालेली ‘क्वेचर्स’ ही निष्कर्षण पद्धत आज सर्वत्र रूढ आहे. तीत अ‍ॅसिटोनायट्राइल या द्रावकाने अवशेष मातीतून वेगळे केले जातात. त्यानंतर बाष्पनशील संयुगे गॅस क्रोमॅटोग्राफीने व इतर संयुगे लिक्विड क्रोमॅटोग्राफीने विलग करून मास स्पेक्ट्रोमीटरने मोजली जातात. ग्लायफोसेटसारख्या अतिध्रुवीय तणनाशकासाठी स्वतंत्र पद्धत लागते. एकच चाचणी सर्व रसायने दाखवत नसल्याने कोणती रसायने तपासायची हे आधी ठरवावे लागते.

तणनाशकाचा संशय असल्यास शेतातील व फवारणी न झालेल्या जागेतील माती वेगवेगळ्या कुंड्यांत भरून संवेदनशील बियाणे पेरतात व रोपांच्या वाढीची तुलना करतात. ही जैवचाचणी स्वस्त आहे, परंतु तिच्यातून रसायनाचे नाव वा प्रमाण कळत नाही.

निष्कर्षांचा अर्थ

अहवालातील ‘आढळले नाही’ या शब्दांचा अर्थ प्रमाण शून्य असा नसून ते मापनमर्यादेखाली आहे असा होतो. ०.०१ मिग्रॅ प्रति किग्रॅ ही मर्यादा असल्यास ती १०० किलो मातीत १ मिग्रॅ इतकी होते. अन्नपदार्थांसाठी ठरवलेल्या कमाल अवशेष मर्यादा मातीला लागू होत नाहीत. तसेच राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रमाचे प्रमाणीकरण केवळ स्वच्छ अहवालावर मिळत नाही. हंगामी पिकांसाठी पेरणीपूर्वी सामान्यतः किमान २ वर्षांचा रूपांतरण काळ पूर्ण करावा लागतो.