मेला का झोपला? सरड्याच्या हिवाळ्याचा इतिहास



गेल्या वर्षी डिसेंबरात एका संध्याकाळी लातूरहून आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याचा फोन आला. आवाजात घाबरेपणा होता. म्हणाला, "सर, पोरीसाठी दिवाळीत एक सरडा आणला होता, ऑस्ट्रेलियाचा, दाढीवाला. चार दिवस झाले, खाईना, डोळे उघडीना. मेलाय का झोपलाय, तेच कळना झालंय."

आम्ही नांदेडात, तो लातुरात. आम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलेलं, जनावरांचे डॉक्टर काही आम्ही नाही. पण त्याचा प्रश्न ऐकून आम्ही गप्प झालो. कारण हाच प्रश्न साठ वर्षांपूर्वी आमच्या घरात एकदा पडला होता, आणि आम्ही त्याचं उत्तर चुकवलं होतं. आजचं व्याख्यान त्या चुकीबद्दल आहे. आणि ती चूक आमची एकट्याची नाही, तिला मोठा इतिहास आहे, तोही आपण बघणार आहोत.

साल १९६२. आमचं गाव मांजरेच्या काठाला. लातूर तेव्हा जिल्हा नव्हता, उस्मानाबाद जिल्ह्यात होता. शेताचा बांध दुरुस्त करताना सालगड्याला घोरपडीचं एक पिल्लू सापडलं. वीतभर लांब, अंगावर पिवळे ठिपके. आम्ही पोरांनी हट्ट करून ते घरी आणलं आणि कोंबड्यांच्या डालग्याखाली ठेवलं. दिवाळीपर्यंत ते किडे खायचं, उन्हाला यायचं. मार्गशीर्ष लागला, थंडी पडली, आणि ते एका कोपऱ्यात मुटकुळं करून बसलं. आजी म्हणाली, "निजू द्या त्याला. जितराबाची रात लांब असती." आम्हाला कुठं दम? आम्हाला वाटलं, बिचारं उपाशी मरतंय. आम्ही त्याला चुलीपाशी नेलं. ऊब लागल्यावर ते हललं, तसं आम्ही त्याच्या तोंडात अंडं घातलं. त्यानं गिळलं. आम्हाला केवढा आनंद! रात्री चूल विझली, घर गार पडलं. तिसऱ्या दिवशी ते पोट फुगून मेलं.

पुष्कळ वर्षांनी वाचताना आम्हाला कळलं, काय झालं ते. सरड्याच्या पोटातलं पचन त्याच्या अंगाच्या उबेवर चालतं, आणि ती ऊब त्याला बाहेरून घ्यावी लागते. अंग गार पडलं की पचन थांबतं, अन्न पोटात तसंच राहतं आणि सडतं. म्हणजे त्या पिल्लाचा जीव भुकेनं गेला नाही. आमच्या मायेनं गेला.

आता जरा मागं जाऊ. सरडे हिवाळ्यात दडतात, हे माणसाला फार आधीपासून माहीत आहे. इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात अॅरिस्टॉटलनं प्राण्यांवरच्या आपल्या ग्रंथात हे नोंदवलं. त्यानं म्हटलं की खवल्यांचे प्राणी, म्हणजे साप, सरडे, पाली, नदीतल्या मगरी, ऐन हिवाळ्यात चार महिने दडून राहतात आणि तेवढ्या काळात काही खात नाहीत. बघा, आमची आजी अक्षरशत्रू, पण तिला जे ठाऊक होतं तेच अॅरिस्टॉटल सांगत होता. दोघांनीही डोळ्यांनी पाहिलं होतं.

अडचण पाहण्यात नव्हती, अर्थ लावण्यात होती. १७५८ साली लिनियसनं आपल्या वर्गीकरणाच्या ग्रंथाची दहावी आवृत्ती काढली. त्यात साप, सरडे, बेडूक, कासवं सगळे एका वर्गात टाकले, आणि थंड अंगाचे, ओंगळ, किळसवाणे प्राणी म्हणून त्यांची संभावना केली. देवानं असे फार प्राणी घडवले नाहीत, हे बरंच झालं, असा एकूण सूर. 'थंड रक्ताचा' हा शब्द आपण आजही शिवीसारखा वापरतो. खून करणारा थंड रक्ताचा असतो! म्हणजे ऊब हा सद्गुण आणि गारवा हा दुर्गुण, असं आपण धरूनच चाललो.

त्याच शतकात इंग्लंडात गिल्बर्ट व्हाइट नावाचा एक पाद्री होता. १७८० मध्ये त्याच्याकडे मावशी-आत्याच्या पिढीतल्या एका नातलग बाईकडून एक कासव आलं. टिमथी त्याचं नाव. पुढं कळलं की ती मादी होती, ते सोडा. ते कासव नोव्हेंबरात बागेत माती उकरून आत जायचं आणि एप्रिलमध्ये बाहेर यायचं. व्हाइटनं ते वर्षानुवर्षं लिहून ठेवलं. पण त्यालाही कोडं पडलं होतं. देवानं या प्राण्याला एवढं लांब आयुष्य दिलं आणि हा त्यातला दोन तृतीयांश काळ झोपेत घालवतो, हा आयुष्याचा अपव्यय नाही का? प्रश्न तत्त्वज्ञानाचा आहे. त्याचं उत्तर असं, की अपव्यय कोणाच्या हिशोबानं? माणसाच्या. कासवाच्या हिशोबात ती झोप म्हणजेच जगणं आहे.

आता आपल्याकडं येऊ. आपल्याकडं सरड्याशी नातं कसं आहे? म्हण आहे, सरड्याची धाव कुंपणापर्यंत. आपण ती तुच्छतेनं म्हणतो. घोरपडीची मात्र कीर्ती मोठी. तानाजी मालुसऱ्यांची यशवंती सिंहगडाच्या कड्याला चिकटली, ही कथा १६७० सालच्या लढाईशी जोडून पोवाड्यातून घरोघर गेली. घोरपडे हे आडनावही अशाच एका गड चढण्याच्या आख्यायिकेनं सांगितलं जातं. इतिहास म्हणून या कथांना भक्कम आधार नाही. पण एक गोष्ट त्यांतून दिसते: घोरपड आपल्याला हवी होती ती आपल्या कामासाठी.

दुसरं उदाहरण आपल्या जिल्ह्यातलं. लोहा तालुक्यात माळेगावची खंडोबाची यात्रा भरते, मार्गशीर्ष वद्य चतुर्दशीच्या सुमारास. घोडे, गाढवं, उंट, केवढा बाजार! वाघ्या-मुरळीची दिमडी तिथं घुमते. त्या दिमडीला परंपरेनं घोरपडीचं कातडं लावत. म्हणजे बघा, ऐन थंडीत, जेव्हा बांधाच्या बिळात घोरपड गप्प पडलेली असते, तेव्हा तिच्याच कातड्यावर थाप पडत होती. आम्ही लहानपणी ती थाप आनंदानं ऐकली आहे. आम्ही देवाला किंवा वाघ्याला दोष देत नाही. एवढंच म्हणतो की घोरपडीचं कातडं आम्हाला माहीत होतं, तिचा हिवाळा माहीत नव्हता.

१९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा झाला. घोरपड आज त्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. तिला धरणं, पाळणं, मारणं, तिचं कातडं किंवा अवयव विकणं, सगळं गुन्हा. तेव्हा आमची १९६२ ची गोष्ट ऐकून कोणी बांधावरून पिल्लू उचलू नका. आपल्या रानातले सरडे, घोयरे, घोरपडी रानातच राहू द्या.

विज्ञानाला सरड्याची बाजू कळायला १९४४ साल उजाडावं लागलं. रेमंड काउल्स आणि चार्ल्स बोगर्ट या दोन अमेरिकन संशोधकांनी वाळवंटातल्या सरड्यांचं तापमान मोजलं. त्यांना दिसलं की सरडा हा काही दगड नाही, की ऊन तापलं म्हणजे तापला आणि सावली आली म्हणजे निवला. तो ऊन-सावलीत ये-जा करून आपलं तापमान एका ठराविक टप्प्यात राखतो. आपल्या पोटात जी भट्टी आहे, ती त्याच्या चालण्यात आहे! आता ती म्हण पुन्हा आठवा. सरडा कुंपणापर्यंत धावतो, कारण कुंपणावर ऊन असतं.

मग १९६५ मध्ये विल्बर मेह्यू यांनी सरड्यांच्या या हिवाळी झोपेला वेगळं नाव सुचवलं: ब्रुमेशन. लॅटिनमध्ये 'ब्रुमा' म्हणजे वर्षातला सगळ्यात लहान दिवस, हिवाळा. वेगळं नाव कशाला? कारण अस्वल किंवा खार यांची शीतनिद्रा निराळी. सस्तन प्राणी झोपेतही आतून स्वतःची ऊब थोडीबहुत सांभाळतो. सरडा बाहेरच्या गारव्याबरोबर स्वतः गार होतो, मधूनच जागा होतो, पाणी पितो, पुन्हा पडतो. आणि २०१६ मध्ये फ्रँकफर्टच्या माक्स प्लांक संस्थेत जिल लॉराँ यांच्या गटानं दाखवलं, की या दाढीवाल्या सरड्याच्या रोजच्या झोपेतसुद्धा आपल्यासारखेच दोन टप्पे आळीपाळीनं येतात, साधारण ऐंशी सेकंदांच्या फेऱ्यांत. ज्याला लिनियस ओंगळ म्हणाला, त्याचा मेंदू झोपेत आपल्यासारखी लय धरतो.

आता फोनकडं परत येऊ. आम्ही विद्यार्थ्याला पहिला प्रश्न विचारला: "तो मूळचा कुठला?" हाच पहिला प्रश्न असायला हवा. हिरवा इग्वाना हा अमेरिका खंडातल्या उष्ण प्रदेशातला. त्याला हिवाळी झोप नाहीच. तो गारठून गप्प झाला तर ते आजारपण समजायचं. दाढीवाला सरडा मध्य ऑस्ट्रेलियातला. तिथं हिवाळ्यात काही रात्री पारा शून्याखालीही जातो, म्हणून त्याला झोप आहे. ज्याचं जसं गाव, तशी त्याची झोप.

दुसरा प्रश्न: "घरी येऊन किती दिवस झाले?" महिना-दीड महिना. तिसरा: "वजन किती? आणलं तेव्हा किती होतं?" वजन कोणी केलंच नव्हतं. मग आम्ही म्हणालो, हे वर्ष झोपवायचं नाही. नवा आलेला, वर्षाच्या आतला, किंवा रोडावलेला सरडा हिवाळ्यात झोपवू नये. आधी त्याला घर कळू द्यावं. पहिले दोन आठवडे हाताळणं कमी, दडायला एक जागा, एका बाजूला अडतीस-चाळीस अंशांची उन्हाची जागा, दुसऱ्या बाजूला पंचवीसच्या आसपास सावली. हाताला लागतं ते तापमान धरू नका, तापमापक ठेवा.

आपल्या मराठवाड्याचा हिवाळा तर आणखी फसवा. दुपारी अठ्ठावीस-तीस, पहाटे दहा-बारा. सरडा दुपारी जागा होतो, खातो, आणि रात्री गारठ्यात पचन थांबतं. ना धड उन्हाळा, ना धड झोप. आमच्या पिल्लाला चुलीनं जे केलं, तेच इथं दुपारचं ऊन करतं. म्हणून मधलं काही नको. एक तर पूर्ण ऊब आणि खाणं, नाही तर पूर्ण गारवा आणि उपास.

झोपवायचं असेल, तर ते धडधाकट, वाढ झालेल्या जनावरालाच. आधी डॉक्टरला दाखवून शेण तपासावं, जंत असतील तर झोप नाही. मग दोन आठवडे खाणं बंद, पण ऊब चालू, म्हणजे पोट रिकामं होतं. त्यानंतर दिवा आणि ऊब हळूहळू कमी करत दोन-तीन आठवड्यांत गार, अंधाऱ्या, शांत जागी न्यावं. पाणी कायम ठेवावं. आठवड्याला एकदा वजन करावं. वजनाचा दहावा हिस्सा घटला, डोळे खोल गेले, तर ती झोप नव्हे, दवाखाना गाठावा. जागं करताना उलटा क्रम: आधी प्रकाश, मग ऊब, मग पाणी, आणि तो उन्हाला येऊन बसायला लागल्यावर मगच अन्न.

विद्यार्थ्यानं दुसऱ्या दिवशी डॉक्टर गाठला. जंत निघाले. औषध झालं, दिवा नीट लागला. संक्रांतीच्या सुमारास त्याच्या लेकीनं आम्हाला फोटो पाठवला: सरडा दगडावर मान उंच करून बसलेला. पुढच्या हिवाळ्याचं काय, असं तिनं विचारलं. आम्ही म्हणालो, बाळा, तेव्हा त्याचं वजन आणि त्याची तब्येत ठरवील, तू नाही आणि मी नाही.

एक कायद्याची गोष्टही सांगतो. भारत १९७६ पासून सायटीस या आंतरराष्ट्रीय कराराचा सभासद आहे. २०२२ च्या दुरुस्तीनंतर त्या यादीतले परदेशी प्राणी, उदाहरणार्थ इग्वाना, आपल्या कायद्याच्या चौथ्या अनुसूचीत आले, आणि ते पाळणाऱ्यांसाठी २०२४ मध्ये परिवेश पोर्टलवरच्या नोंदणीचे नियम निघाले. तेव्हा कागद बघितल्याशिवाय प्राणी घरी आणू नका.

शेवटी एवढंच. आम्ही वर्गात नीतिशास्त्र शिकवताना कर्तव्य म्हणजे काय करावं, हेच फार सांगितलं. काय करू नये, कुठं हात आखडावा, हे कमी सांगितलं. दुसऱ्याला ऊब देणं सोपं आहे, कारण ती आपल्याला हवीशी असते. त्याला त्याच्या गारव्यात राहू देणं अवघड, आणि तो गारवा त्याला मारतोय का जगवतोय हे ओळखणं त्याहून अवघड. आमच्या आजीला ते ओळखता येत होतं. डालग्यापाशी ती जे बोलली, ते आम्ही तेव्हा ऐकलं असतं, तर फाल्गुनात ते पिल्लू उन्हाला आलं असतं आणि बांधावर परत गेलं असतं.