भंगलेल्या वस्तूंचें पावित्र्य

जुन्या गोव्यांतील संत ऑगस्टीनच्या मठाचा इतिहास मोठा आहे. पण त्याच्या घंटेचा प्रवास त्याहूनहि चमत्कारिक म्हणावा लागेल. १८३५ सालीं पोर्तुगीज सरकारनें धर्मसंघ बंद केले आणि तो मठ ओस पडला. १८४२ सालीं चर्चचें छत कोसळलें. घंटा मात्र त्यापूर्वींच, १८४१ सालीं, आग्वाद किल्ल्यावरील दीपगृहाकडे नेण्यांत आली होती. तेथें तीस वर्षें काढून ती १८७१ सालीं पणजीच्या चर्चवर चढली, आणि अद्यापहि तेथेंच वाजते.

जुन्या रोमन विधीप्रमाणें चर्चची घंटा टांगण्यापूर्वीं बिशप तिला मंत्रपूत पाण्यानें धूत असे, आणि बाहेरून सात व आंतून चार ठिकाणीं पवित्र तेलाचा क्रूस काढीत असे. लोक याला घंटेचा बाप्तिस्माच म्हणत. अशी वस्तु दीपगृहांत जाऊन पडली, किंवा झिजली, तडकली, दुरुस्त झाली, तर त्या अभिषेकाचें काय होतें? हिंदु घरांत मूर्ति खंडित झाली कीं ती पूजेंतून काढून पाण्यांत विसर्जन करितात. कॅथोलिक घरांतहि आजीची जपमाळ तुटली म्हणजे कांहीं कमी जीव हळहळत नाहीं. या शंकेचें उत्तर रोमच्या धर्मशास्त्रानें एकदांच व कायमचें दिलें असें मात्र नाहीं. एका बाबतींत तर दिलेलें उत्तर फिरविलें.

तो प्रश्न चषकाचा. मिस्सेच्या वेळीं ज्यांत द्राक्षारस ओततात तो पेला निदान चांदीचा व आंतून सोन्याचा मुलामा दिलेला असावा, असा दंडक होता. आणि त्याच्या आंतल्या अंगास पवित्र तेल लावून बिशप अभिषेक करी. रोजच्या वापरानें व पुसण्यानें मुलामा विटतो. मग सोनाराकडून नवा मुलामा चढवून आणलेला चषक जुना मानावा कीं नवा? १८४५ सालीं रोमच्या धर्मविधि-मंडळानें ठरविलें कीं, मुलामा नवा तर अभिषेकहि नवाच हवा. हा विचार समजण्यासारखा आहे. ज्या पृष्ठास तेल लागलें तें नव्या सोन्याखालीं झांकून जातें. परंतु दूरच्या मिशनांतील पाद्र्याची यांत मोठी अडचण होई. त्याला सोनार गांवांत मिळे, बिशप मिळत नसे!

पोप पंधरावे बेनेडिक्ट यांनीं १९१७ सालीं प्रसिद्ध केलेल्या धर्मसंहितेनें हा निर्णय उलटविला. तिच्या १३०५ व्या कलमाप्रमाणें मुलामा झिजला किंवा पुन्हा चढविला, म्हणून चषकाचा अभिषेक नाहींसा होत नाहीं; झिजलेला मुलामा पुन्हा देणें हें मात्र गंभीर कर्तव्य. पावित्र्य जातें तें निराळ्या कारणांनीं: वस्तूचें मूळचें रूप जाऊन ती आपल्या कामास निरुपयोगी झाली, अशोभनीय कामीं लावली गेली, किंवा उघड विक्रीस मांडली गेली तर. म्हणजे चषकाच्या पायथ्यास पोंचा आला तर बिघडलें नाहीं. पेल्याच्या तळास भोंक पडलें तर मात्र तो चषक राहिला नाहीं.

जपमाळेसंबंधीं नियम याहूनहि उदार निघाला. आशीर्वादित माळेशीं जोडलेली पापदंडाची सूट, जिला इंडल्जन्स म्हणतात, ती माळ अजिबात नाहींशी झाली किंवा विकली गेली तरच संपते, असें त्याच संहितेचें ९२४ वें कलम सांगतें. तेव्हां दोरा तुटला व पुन्हा ओंवला, हरवलेल्या चार मण्यांच्या जागीं दुसरे घातले, तरी आजीची माळ आजीचीच राहते. विक्रीविषयींचा कडकपणा प्रथम विचित्र वाटेल. परंतु इंडल्जन्सच्या बाजारावरूनच १५१७ सालीं लूथरनें वाद उभा केला व युरोपांत केवढें रण माजलें, हें आठवलें म्हणजे त्याचें नवल वाटत नाहीं. १९८३ च्या नव्या संहितेंत चषकाचें तें बारीक कलम राहिलें नाहीं. आशीर्वादित वस्तु खासगी मालकीची असली तरी ती आदरानेंच वापरावी, एवढें तिच्या ११७१ व्या कलमांत आहे. माळेच्या विक्रीचा नियम मात्र इंडल्जन्सच्या नियमावलींत टिकून आहे.

आतां आग्वादच्या घंटेकडे वळावें. ती दीपगृहांत गेली तेव्हां १९१७ ची संहिता नव्हती. पण तिच्याच मापानें मोजलें तर घंटेचें रूप पालटलें नव्हतें, आणि दर्यावर्दी लोकांच्या वाटेवरील दीपगृहाला अशोभनीय जागा कोण म्हणेल? तीच घंटा फोडून, वितळवून पुन्हा ओतली असती तर धातु तीच असूनहि घंटा नवी झाली असती, व आशीर्वादहि नवा लागला असता.

ज्या वस्तु दुरुस्तीपलीकडे गेल्या, त्या उकिरड्यावर न टाकतां जाळाव्या किंवा पुराव्या असा जुना प्रघात आहे. झावळ्यांच्या रविवारीं आशीर्वाद दिलेल्या झावळ्या वर्षभर घरांत सुकतात. पुढील वर्षीं त्या जाळून राख करितात, आणि राखेच्या बुधवारीं तीच राख भाविकांच्या कपाळीं लागते.