विडी कामगार आईची पेन्शन : न भरलेल्या वर्गणीचे काय होते?

सोलापुरात हजारो महिला घरी बसून विड्या वळतात. घरी काम करतात म्हणून ‘यांचा स्वतःचा धंदा आहे’ असे सांगून त्यांना पीएफ नाकारणे कायद्यात बसत नाही. घरी विड्या वळणारा कामगारही भविष्य निर्वाह निधी कायद्याखाली येतो, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने 1985 मध्येच दिला आहे.

पेन्शन कशी ठरते? 1995 च्या योजनेत मालकाच्या वर्गणीतून वेतनाच्या 8.33 टक्के रक्कम पेन्शनकडे जाते. सरासरी वेतन गुणिले सेवेची वर्षे, भागिले 70, ही महिन्याची पेन्शन. त्यासाठी किमान 10 वर्षे सेवा आणि 58 वर्षे वय लागते. वेतन 7,000 आणि सेवा 15 वर्षे असेल, तर 1,500 रुपये मिळतात. त्यातली 6 वर्षे नोंदीतून गळाली, तर उरतात 9, म्हणजे महिन्याची पेन्शनच नाही.

मालकाने पैसे भरलेच नाहीत तर? नियमाप्रमाणे जमा झालेली आणि येणे असलेली, दोन्ही वर्गणीची सेवा धरली जाते. थकबाकी मालकाकडून व्याज-दंडासह वसूल करता येते. मात्र काम केल्याचा पुरावा हवा.

म्हणून आम्ही तरुणांना सांगतो : वस्तीतल्या आई-मावशींचे पीएफ पासबुक दर महिन्याला मोबाईलवर बघून द्या. ओळखपत्र आणि मजुरीची वही जपायला सांगा. खाडा दिसला की सोलापूरच्या पीएफ कार्यालयात लेखी तक्रार करा, पोच घ्या. अडचण आली तरी 10 वर्षे भरण्याआधी पेन्शनचे पैसे काढू देऊ नका.