पितळी पत्र्यातील वाघीण

मालगाडीच्या डब्याला मराठीत ‘वाघीण’ म्हणतात. इंग्रजी ‘वॅगन’ शब्दाचे मराठी जिभेवर झालेले हे रूप वृत्तपत्रांच्या स्तंभांत इतके रुळले आहे की, ‘कोळशाच्या वाघिणी घसरल्या’ असे वाचताना कोणाच्याही डोळ्यांसमोर जंगल उभे राहत नाही. या वाघिणीची टेबलावर मावेल एवढी, परंतु प्रत्येक खांब, दार आणि ब्रेकची दांडी जिथल्या तिथे असलेली प्रतिकृती घडविणे हा जगभरात गांभीर्याने जोपासला जाणारा छंद आहे. या छंदातील सर्वांत चोखंदळ शाखा म्हणजे आम्लाने कोरलेल्या धातूच्या पत्र्यांचे संच. असे संच तयार करून विकणारा एक छोटेखानी व्यवसायही त्याभोवती उभा राहिला आहे. ब्रिटनमध्ये त्याची मुळे १९७० च्या दशकात रुजली. भारतीय वाघिणींच्या वाट्याला मात्र हे भाग्य फारसे आलेले नाही.

तंत्र म्हणून पाहिले तर ही विद्या महाराष्ट्राला परकी नाही. ऑफसेट छपाई येण्यापूर्वी मराठी दैनिकांतील छायाचित्रे आणि रेखाचित्रे ज्या ‘ब्लॉक’वरून छापली जात, ते जस्ताच्या किंवा तांब्याच्या पत्र्यावर छायाचित्रणाच्या साह्याने आकृती उमटवून व उरलेला भाग आम्लाने खाऊ देऊनच तयार होत. दारावरच्या पितळी पाट्या आणि इलेक्ट्रॉनिक उपकरणांतील सर्किटचे फलक यांमागेही हेच तत्त्व आहे. वाघिणीच्या संचात फरक एवढाच, की येथे पत्रा दोन्ही बाजूंनी कोरला जातो आणि काही ठिकाणी आरपार, तर काही ठिकाणी अर्ध्या जाडीपर्यंतच.

प्रारंभ होतो तो रेखाचित्रापासून. पूर्वी ते मूळ आकाराच्या कित्येक पट मोठे काढून कॅमेऱ्याने लहान केले जाई. आता ते संगणकावर काढतात. पत्र्याच्या दर्शनी बाजूसाठी एक आणि पाठीमागच्या बाजूसाठी एक अशा दोन फिल्म तयार होतात. सुमारे पाव ते अर्धा मिलिमीटर जाडीच्या पितळेच्या किंवा जर्मन सिल्व्हरच्या पत्र्यावर दोन्ही बाजूंनी प्रकाशसंवेदी थर चढवून, दोन्ही फिल्म केसभरही न सरकता समोरासमोर ठेवून, अतिनील प्रकाश टाकला जातो. प्रकाश लागलेला थर कडक होतो. उरलेला सोड्याच्या सौम्य द्रावणात धुऊन जातो. त्यानंतर उघड्या पडलेल्या धातूवर फेरिक क्लोराइडच्या कोमट द्रावणाचा फवारा मारला जातो. जेथे दोन्ही बाजू उघड्या तेथे पत्रा आरपार जातो, जेथे एकच बाजू उघडी तेथे निम्म्याच्या आसपास खोली मिळते.

ही ‘अर्धकोर’ म्हणजे या संचाचा खरा प्राण होय. पत्रा जेथे दुमडायचा तेथे आतल्या बाजूने अर्धी कोरलेली रेघ असते, त्यामुळे घडी हव्या त्याच जागी व काटकोनात बसते. जुन्या वाघिणींच्या अंगावरील रिव्हेटही अशाच प्रकारे मिळतात. पाठीमागे बारीक ठिपके अर्धे कोरलेले असतात, बोथट सुईने ते दाबले की पुढच्या बाजूस रिव्हेटचे डोके उठते. एका चारचाकी वाघिणीवर असे काहीशे ठिपके असू शकतात आणि ते एकेक दाबावे लागतात. छंद सोडून देण्याचा विचार बहुधा याच टप्प्यावर मनात येत असावा.

आम्लाला मात्र सरळ रेषेचे बंधन नसते. ते खोलवर जाताना बाजूलाही खाते. म्हणून रेखाटणाऱ्याला प्रत्येक भाग किंचित जाड आणि प्रत्येक भोक किंचित लहान काढावे लागते. पत्र्याच्या जाडीपेक्षा अरुंद फट सुबकपणे कोरली जात नाही. हे गणित चुकले की खाचेत पट्टी बसत नाही आणि ग्राहक कानस घेऊन निर्मात्याला शिव्या देत बसतो. उत्तम संच आणि केवळ दिसायला आकर्षक संच यांतील अंतर बहुतांशी येथेच ठरते.

परळीच्या यार्डातून टेबलावर

उदाहरणासाठी बीड जिल्ह्यातील परळी वैजनाथ घेता येईल. विकाराबादहून बिदरमार्गे येणारा निजाम स्टेट रेल्वेचा ब्रॉडगेज मार्ग आणि परभणीकडून येणारा मीटरगेजचा फाटा येथे एकत्र येत. परभणी–परळी मार्ग पुढे ब्रॉडगेज झाला. येथे १९७१ मध्ये औष्णिक वीजकेंद्राचा पहिला ३० मेगावॉटचा संच सुरू झाला, तेव्हापासून कोळशाच्या गाड्या हे परळीच्या यार्डाचे नित्याचे दृश्य आहे. २०१३ च्या दुष्काळात पाण्याअभावी वीजकेंद्र बंद ठेवावे लागले होते, तेव्हा या गाड्याही थांबल्या होत्या.

कोळसा वाहणारी भारतीय रेल्वेची ठळक वाघीण म्हणजे ‘बॉक्स-एन’. कपलरसह तिची लांबी १०,७१३ मिलिमीटर, रुंदी ३,२०० मिलिमीटर, उंची ३,२२५ मिलिमीटर, स्वतःचे वजन साडेबावीस टनांच्या आसपास आणि मूळ नमुन्याची वहनक्षमता सुमारे ५८.८ टन. जगात सर्वाधिक प्रचलित असलेल्या ‘एचओ’ प्रमाणात, म्हणजे १:८७ मध्ये, ती १२३ मिलिमीटर लांब आणि जेमतेम ३७ मिलिमीटर रुंद व उंच होते. तळहातावर मावणारी. पण अशा ५८ वाघिणींची गाडी जोडायची झाली, तर याच प्रमाणात तिला इंजिन व ब्रेकव्हॅन सोडून सात मीटरांहून अधिक जागा लागते. शहरातील सदनिकेत दिवाणखाना आणि शयनगृह यांमधली भिंत पाडल्याशिवाय ती उभी राहणार नाही. त्यामुळे बहुतेक छांदिष्ट दहा-बारा वाघिणींवर समाधान मानतात.

येथे प्लास्टिकपेक्षा कोरलेल्या पत्र्याचा लाभ डोळ्यांना चटकन जाणवतो. बॉक्स-एन वरून उघडी असते, त्यामुळे भिंतीची जाडी वरच्या कडेला स्पष्ट दिसते. साच्यातून काढलेल्या प्लास्टिकची भिंत एक मिलिमीटर धरली, तर मूळ आकारात ती ८७ मिलिमीटर, म्हणजे किल्ल्याच्या तटासारखी भासते. पाव मिलिमीटर पितळेत हाच आकडा २२ मिलिमीटरवर येतो. मूळ पोलादी पत्रा त्याहूनही बराच पातळ असतो, परंतु नजर तेवढी फसते.

तथापि कोरीव पत्रा सर्वगुणसंपन्न नाही. बॉक्स-एनखालील ‘कॅस्नब’ बोगी ओतीव पोलादाची, गोलसर आणि जाड अंगाची असते. सपाट पत्र्याचे थर एकावर एक चढवून तिचा आकार येत नाही. ती ओतीव मिश्रधातूत, रेझिनमध्ये किंवा आता थ्री-डी मुद्रणाने करणेच शहाणपणाचे ठरते. याउलट जुन्या चारचाकी वाघिणी, त्यांच्या चाकांना धरणारे पोलादी पट्ट्यांचे आधार, ब्रेकच्या दांड्या, कोपऱ्यांवरील रिव्हेट मारलेल्या पट्ट्या, हे सारे जणू कोरीव पत्र्यासाठीच घडविले होते असे वाटावे. दुर्दैवाने नेमक्या याच वाघिणी रुळांवरून गेल्या आहेत. एअरब्रेकच्या आठचाकी वाघिणींनी व्हॅक्यूम ब्रेकच्या चारचाकींना हटविले आणि त्यांची रवानगी भंगारात झाली. चारचाकींची आठवण आता काही ब्रेकव्हॅनमध्ये तेवढी उरली आहे. त्यात बसणारा गार्डही २०२२ पासून ‘ट्रेन मॅनेजर’ झाला आहे.

रुळांची अडचण

भारतीय गाड्यांचे प्रतिकृतिकार नेहमी अडखळतात ते गेजपाशी. भारतीय ब्रॉडगेज १,६७६ मिलिमीटर रुंद. १:८७ प्रमाणात ते १९.३ मिलिमीटर व्हायला हवे. बाजारात मिळणारे एचओ रूळ मात्र युरोप-अमेरिकेच्या १,४३५ मिलिमीटर गेजसाठी असल्याने १६.५ मिलिमीटरचे असतात. म्हणजे भारतीय वाघीण तयार रुळांवर उभी केली की ती सुमारे १४ टक्के अरुंद पायांवर उभी राहते. ब्रिटिशांना हे दुःख ठाऊक आहे. त्यांच्या लोकप्रिय ‘डबल-ओ’ प्रमाणातही प्रतिकृती ४ मिलिमीटरला एक फूट या मापाची, पण रूळ तेच १६.५ मिलिमीटरचे. त्यातून काही कडव्या मंडळींनी अचूक १८.८३ मिलिमीटरचे स्वतःचे मानक उभारले आणि त्यांच्यासाठी चाके, आस व रूळ पुरविणारे लहान लहान व्यावसायिक पुढे आले. कोरीव संचांची बाजारपेठ प्रामुख्याने या मंडळींमुळेच टिकली. भारतीय ब्रॉडगेजसाठी असे सर्वमान्य मानक रुळले नाही. संच विकणाऱ्याने चाकांचे आधार दोन रुंदींत बसतील असे रेखाटणे, हा त्यावरचा व्यवहार्य तोडगा आहे.

अरुंद गेजमध्ये स्थिती बरी आहे. २ फूट ६ इंचांचे गेज एचओ प्रमाणात पावणेनऊ मिलिमीटर होते आणि ९ मिलिमीटरचे रूळ सर्वत्र मिळतात. बीड जिल्ह्याच्या दक्षिणेकडून धावणारी बार्शी लाइट रेल्वे याच गेजची होती. एव्हरार्ड कॅल्थ्रॉप या अभियंत्याने उभारलेला हा मार्ग १८९७ मध्ये कुर्डुवाडी ते बार्शी असा सुरू झाला, १९११ मध्ये लातूरला आणि १९२७ मध्ये मिरजेला पोहोचला. प्रत्येक आसावर ५ टनांहून अधिक भार येऊ द्यायचा नाही, हे त्याचे सूत्र होते. दाबून घडविलेल्या पोलादाच्या हलक्या सांगाड्यांवर मोठ्या क्षमतेच्या बोगी वाघिणी उभारून त्याने ते साधले. त्यांची चाचणी भारतात पाठविण्यापूर्वी इंग्लंडमध्ये लीड्सजवळ मुद्दाम टाकलेल्या रुळांवर अभियंत्यांसमक्ष झाली होती. पुढे याच कॅल्थ्रॉपने इंग्लंडमधील लीक आणि मॅनिफोल्ड हा अरुंद गेजचा मार्ग आखला. तो १९०४ ते १९३४ अशी अवघी तीस वर्षे चालला, पण इंग्रज छांदिष्टांच्या कृपेने छोट्या रूपात अजूनही जिवंत आहे. त्याचा थोरला भाऊ शोभणारा बार्शीचा मार्ग शतकाहून अधिक काळ चालला. ब्रॉडगेजच्या कामामुळे तो टप्प्याटप्प्याने इतिहासजमा झाला, परंतु त्याच्या वाघिणींना तसा छांदिष्ट वर्ग लाभला नाही.

धंद्याचे गणित

प्लास्टिकच्या प्रतिकृतीसाठी पोलादी साचा करावा लागतो. त्याचा खर्च लाखांच्या घरात जातो आणि हजारो नग खपल्याशिवाय तो निघत नाही. कोरीव पत्र्याला साचा लागत नाही. रेखाचित्र व फिल्म एकदा झाली की मागणीनुसार एक पत्रा कोरून घ्या किंवा पन्नास. समजा, एका वाघिणीचे सर्व भाग १५० बाय १०० मिलिमीटरच्या चौकटीत बसले, तर ४५० बाय ३०० मिलिमीटरच्या एका पत्र्यावर नऊ संच निघतात. वर्षाला चाळीस-पन्नास गिऱ्हाईक मिळाले तरी व्यवहार चालू शकतो. म्हणूनच ब्रिटनमध्ये हा धंदा कारखान्यांपेक्षा घराच्या मागच्या खोलीत अधिक वाढला. कोरण्याचे काम बाहेरच्या कार्यशाळेकडे, ओतीव बफर दुसऱ्याकडे, चाके तिसऱ्याकडे. मालक स्वतः रेखाटतो, पाकिटे भरतो, जोडणीची पुस्तिका लिहितो आणि शनिवार-रविवारच्या प्रदर्शनांत टेबल मांडून बसतो. अशा मालकाने वार्धक्यामुळे काम थांबविले की संपूर्ण मालिका बाजारातून नाहीशी होते, किंवा कोणी फिल्म विकत घेतल्यास पुन्हा अवतरते. जुन्या संचांसाठी मग लिलावात चढाओढ लागते.

घरच्या घरी पत्रा कोरण्याचा मोह अनेकांना होतो. त्यात एक पथ्य कटाक्षाने पाळावे लागते. वापरलेल्या फेरिक क्लोराइडमध्ये तांबे विरघळलेले असते, ते मोरीत ओतून चालत नाही. शिवाय त्याचे डाग कपड्यांवरून आणि फरशीवरून जात नाहीत.

संच विकत घेणाऱ्याच्या हाती येते ती चौकटीत अडकलेली पितळी जाळी, काही तार आणि कागद. बारीक दुव्यांनी अडकलेले भाग कापून कानशीने साफ करायचे, दुमडायचे आणि डाख देऊन जोडायचे. आधी सांगाडा, मग भिंती, सर्वांत शेवटी नाजूक ब्रेकचे भाग, असा क्रम असतो. जवळच्या जोडांसाठी वेगवेगळ्या तापमानाला वितळणारा डाख वापरला नाही, तर दुसरा सांधा जोडताना पहिला सुटतो. नंतर धुणे, प्रायमर, तांबूस तपकिरी रंग आणि शेवटी अकरा आकडी क्रमांक. त्यातील पहिले दोन आकडे वाघिणीचा प्रकार, पुढचे दोन मालक रेल्वे आणि त्यापुढचे दोन बांधणीचे वर्ष सांगतात, त्यामुळे मनाला येईल तो क्रमांक चिकटवून जाणकारांपुढे निभाव लागत नाही.

पुण्यात भाऊ जोशी यांच्या ध्यासातून उभे राहिलेले लघुरेल्वेचे संग्रहालय १९९८ पासून लोकांसाठी खुले आहे. चालत्या छोट्या गाड्यांचे कुतूहल मराठी घरांत किती आहे, हे तेथील मुलांच्या आणि त्यांना घेऊन आलेल्या आजोबांच्या चेहऱ्यांवर दिसते. पाहणाऱ्यांपैकी डाखणीला हात घालणारे थोडे. भारतीय वाघिणींच्या प्रतिकृती लेझरने कापून किंवा थ्री-डी मुद्रणाने करणारे काही हौशी उत्पादक अलीकडच्या काळात पुढे आले असले, तरी पितळी कोरीव संच ही दुर्मीळच गोष्ट आहे. यातील खर्चिक भाग धातू नव्हे, मोजमापे हा आहे. रेल्वेच्या आवारात मोजपट्टी घेऊन उतरायला परवानगी लागते. लखनौच्या संशोधन अभिकल्प व मानक संघटनेची रेखाचित्रे कारखान्यांसाठी असतात, छंदासाठी नव्हेत. आणि भंगारात गेलेल्या वाघिणीचे माप घ्यायला वाघीणच उरलेली नसते.

बीड शहरात १७ सप्टेंबर २०२५ रोजी, मराठवाडा मुक्तिसंग्रामदिनी, अहिल्यानगरकडे जाणारी पहिली प्रवासी गाडी सुटली. २६१ किलोमीटरच्या अहिल्यानगर–बीड–परळी मार्गाला १९९५ च्या सुमारास मंजुरी मिळाली होती, आणि जिल्ह्यातील आष्टीपर्यंत गाडी यायलाच २०२२ चा सप्टेंबर उजाडला. परळीकडचा उर्वरित टप्पा पूर्ण झाला की कोळसा, सिमेंट आणि साखर यांच्या वाघिणी बीडमार्गेही धावू शकतील. परळीच्या यार्डात मीटरगेजच्या काळात कोणत्या वाघिणी शेजारी शेजारी उभ्या असत, त्यांची दारे कशी उघडत, माल एका गेजमधून दुसऱ्यात कसा उतरवला जाई, हे पाहिलेली माणसे गावात अजून आहेत. संचाच्या रेखाचित्रासाठी लागणारी जुनी छायाचित्रेही कदाचित त्यांच्याच घरच्या ट्रंकांत असतील.