‘फॅमिकॉम’ यंत्राच्या आद्य आवृत्त्या आणि त्यांचा कालनिर्णय

क्योटो येथील निंटेंडो कंपनीने १५ जुलै १९८३ रोजी ‘फॅमिली कॉम्प्युटर’ अथवा ‘फॅमिकॉम’ हे घरगुती खेळयंत्र जपानच्या बाजारात आणले. त्याची किंमत १४,८०० येन होती व त्याची रचना मासायुकी उएमुरा यांच्या नेतृत्वाखाली झाली. यंत्रावरील ‘एचव्हीसी-००१’ हा क्रमांक १९९३ साली नव्या घडणीचे यंत्र येईपर्यंत बदलला नाही. अर्थात केवळ या क्रमांकावरून कालनिर्णय करू पाहणाऱ्या अभ्यासकाच्या हाती काहीच लागत नाही.

आद्य यंत्राची सर्वपरिचित खूण म्हणजे नियंत्रकावरील ‘ए’ व ‘बी’ ही चौकोनी बटणे. ती मऊ रबराची होती. वापराने ती झिजत व कवचाच्या कडेत अडकून बसत, म्हणून पुढे त्यांची जागा कठीण प्लास्टिकच्या गोल बटणांनी घेतली. ही खूण डोळ्यांना चटकन दिसते आणि म्हणूनच संग्राहकांच्या व्यवहारात तिला अवास्तव प्रामाण्य लाभले आहे. चौकोनी बटणे म्हणजे पहिली आवृत्ती, असे समीकरणच रूढ झाले आहे. ते ग्राह्य धरता येत नाही.

याचे कारण यंत्राच्या प्रारंभीच्या इतिहासातच सापडते. पहिल्या यंत्रांतील सदोष चिपमुळे खेळ मध्येच बंद पडू लागले. कंपनीने विकलेली यंत्रे परत मागविली व नवा मुख्य सर्किट-बोर्ड घालून फॅमिकॉम पुन्हा विक्रीस आणले. १९८४ च्या अखेरीस ते जपानमधील सर्वाधिक खपाचे खेळयंत्र ठरले, ते या पुनरागमनानंतर. म्हणजे जुन्या कवचात नवा बोर्ड असणे सर्वस्वी संभवनीय आहे. याच्या उलटही घडू शकते. नियंत्रकांच्या तारा बाहेरून कायमच्या जोडलेल्या दिसत असल्या, तरी आत त्या जोडणीने बोर्डाला लावलेल्या असतात. त्यामुळे दुरुस्तीच्या वेळी जुन्या यंत्राला गोल बटणांचे नियंत्रक सहज बसविता येत. पोथीच्या बांधणीवरून तिच्या पानांचा काळ ठरवू नये, हा हस्तलिखितांच्या अभ्यासातील दंडक येथेही तंतोतंत लागू पडतो.

अंतरंग पुराव्याचे स्वरूप याहून निराळे आहे. रिको कंपनीने बनविलेल्या ‘२ए०३’ या मुख्य चिपवर आवृत्तीचे अक्षर छापलेले असते. आरंभीच्या चिपवर मात्र असे अक्षर नाही. ‘ई’, ‘जी’ व ‘एच’ या आवृत्त्या नंतरच्या होत. विशेष म्हणजे हा भेद यंत्र न उघडताही कानांनी ओळखता येतो. या चिपमध्ये खरखरीचा ध्वनी निर्माण करणारी एक वाहिनी आहे. तिच्यातील यादृच्छिक भासणारी अंकमालिका ३२,७६७ पायऱ्यांची असते. प्रोग्रॅमने एक विशिष्ट बिट बदलला की ती मालिका आखूड होऊन ९३ किंवा ३१ पायऱ्यांवर येते व खरखरीऐवजी धातूवर आघात केल्यासारखा स्वर निघतो. आद्य चिप या बिटाची दखलच घेत नाही. तिच्यातून खरखरच ऐकू येते. धातुस्वर निघाला, तर चिप आद्य नव्हे, एवढे निश्चित होते; बटणे कोणत्याही आकाराची असोत.

मग चौकोनी बटणांच्या यंत्रातून धातुस्वर निघाला, तर त्याचा अर्थ काय? एक तर बटणांचा व चिपचा बदल एकाच वेळी झाला नसावा, किंवा त्या यंत्राची दुरुस्ती झाली असावी. यांतून निवड करण्यासाठी बोर्डावरील क्रमांक, चिपवरील उत्पादनकाळाची अंकाक्षरे, डाख पुन्हा लावल्याच्या खुणा आणि यंत्राच्या तळाचा अनुक्रमांक मूळ खोक्यावरील क्रमांकाशी जुळतो की नाही, हे सर्व एकत्र पाहावे लागते. सर्वांत उत्तरकालीन भाग हीच यंत्राच्या आजच्या स्वरूपाची पूर्वमर्यादा होय.

संग्राहक अशा मिश्र यंत्राला ‘अशुद्ध’ मानून त्याचे मोल कमी करतात. कित्येकदा गोल बटणांचे नियंत्रक काढून दुसऱ्या यंत्राचे चौकोनी बटणांचे नियंत्रक लावले जातात व यंत्र ‘मूळ स्वरूपात’ आणल्याचे समाधान मानले जाते. इतिहासाच्या दृष्टीने ही हानी होय. जुन्या कवचातील नवा बोर्ड हा १९८३ च्या यंत्रांच्या माघारीचा प्रत्यक्ष अवशेष असू शकतो, आणि अस्पर्शित यंत्रात तो पुरावा मिळणे शक्यच नसते. म्हणून संग्रहालयाने अशा वस्तूची नोंद करताना कवच, नियंत्रक, बोर्ड व चिप यांचे काळ पृथक लिहावेत आणि एकच वर्ष घालण्याचा मोह टाळावा.